तार नेमकी तुटते कुठे?

घरातले इंटरनेट संध्याकाळच्या वेळी दर दहा मिनिटांनी तुटू लागले की आपण काय करतो? कोपऱ्यातला राउटर बंद करतो, मनात दहापर्यंत आकडे मोजतो आणि पुन्हा चालू करतो. जमले तर ठीक, नाही तर पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग कंपनीला फोन. तिकडूनही पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो हे खरे, पण त्यात एक प्रश्न विचारायचाच राहून जातो : दोष आहे कुठे? पेटीत, भिंतीतल्या तारेत, रस्त्यावरच्या खांबावर, की त्याहूनही दूर? तारेच्या एका टोकाला बसून तिच्यातला दोष शोधण्याचा हा खटाटोप दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि दोष न शोधता नुसता जोर लावला की काय होते, याचा धडाही तितकाच जुना आहे.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडलगतचे व्हॅलेन्शिया बेट आणि उत्तर अमेरिकेतील न्यूफाउंडलंड यांच्यामधली तारायंत्राची केबल अटलांटिक महासागराच्या तळावर टाकून पूर्ण झाली. मधोमध तांब्याच्या सात तारांचा पीळ, त्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे तीन थर आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत, अशी ही तीन हजार किलोमीटरहून लांब केबल. न्यूयॉर्कमध्ये इतका जल्लोष झाला की शोभेच्या दारूने तिथल्या सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली! १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे निघाला. शब्द ९८, लागलेला वेळ सुमारे १६ तास. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे.

इतका वेळ का लागावा? ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (पुढे हेच लॉर्ड केल्व्हिन झाले) यांनी याचे उत्तर आधीच दिले होते. आत तांबे, मध्ये रोधक थर आणि बाहेर समुद्राचे पाणी, म्हणजे ही केबल एक प्रचंड लांबीचा लेडन जारच झाली. तिच्या एका टोकाला विजेचा ठोका दिला, तरी सगळी केबल भारित झाल्याशिवाय दुसऱ्या टोकाला तो नीट पोचत नाही, आणि पोचतो तोही पसरट होऊन. केबलची लांबी दुप्पट केली, तर हा विलंब चौपट होतो. टॉमसन यांचे म्हणणे असे, की तांब्याची तार जाड घ्यावी, विद्युतदाब कमी ठेवावा आणि दुसऱ्या टोकाला अतिशय संवेदनशील यंत्र बसवावे. असे यंत्र त्यांनी स्वतः तयारही केले. इवल्याशा आरशाच्या पाठीवर चिमुकली चुंबके चिकटवलेली; क्षीण विद्युतधारेनेही आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावीउजवीकडे सरके. हाच त्यांचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर.

पण कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे मूळचे शल्यचिकित्सक, प्रयोगांचे हौशी, आणि टॉमसन यांचा सिद्धान्त त्यांना मुळीच मान्य नव्हता. संदेश पोचत नाही, तर ढकला जोराने, असा त्यांचा सरळ हिशेब. सुमारे पाच फूट लांबीची प्रवर्तन वेटोळी वापरून त्यांनी केबलला जवळपास २००० व्होल्टचे ठोके दिले. केबल आधीच दुबळी होती. टाकण्यापूर्वी ती उन्हात पडून राहिल्याने गटापर्चा मऊ पडला होता आणि काही ठिकाणी आतली तार मध्यभागातून सरकून कडेला आली होती. जिथे आवरण पातळ, तिथे या ठोक्यांनी वीज पाण्यात झिरपू लागली. संदेश क्षीण होत गेले, आणि ते क्षीण होत म्हणून आणखी जोर लावला गेला! सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनच केबल निकामी होत गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिने कायमचे मौन धरले. व्हाइटहाउस यांची नोकरी त्याआधीच गेली होती. सगळे खापर त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणे मात्र मला न्याय्य वाटत नाही. अशी केबल फार काळ टिकलीच नसती. त्यांनी तिचे मरण जवळ आणले, एवढे म्हणता येईल.

त्या थोड्या आठवड्यांतला एक संदेश आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे. भारतातील १८५७च्या उठावामुळे कॅनडातून दोन पलटणी परत बोलावण्याचा हुकूम लंडनहून निघाला होता. उठावाचा जोर ओसरल्यावर तो रद्द झाल्याचे याच केबलवरून कळवले गेले आणि ब्रिटिश सरकारचा मोठा वाहतूकखर्च वाचला. टिकाऊ केबल पुन्हा का टाकावी, याला एवढे कारण पुरेसे होते.

त्यानंतरच्या चौकशीत अभियंत्यांच्या ध्यानात आले, की केबलची प्रकृती तपासायला त्यांच्याकडे नीट मापच नव्हते. रोध मोजण्याचे एकक ज्याचे त्याचे वेगळे. तेव्हा १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विद्युत एककांसाठी समिती नेमली आणि तिच्या कामातून रोधाचे प्रमाणित एकक आले. आपल्या पाठ्यपुस्तकातला ओहम असा समुद्रतळाच्या गाळातून वर आलेला आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

एकक मिळाले की दोष शोधणे हा गणिताचा भाग होतो. समजा, एक किलोमीटर लांबीची तार कुठेतरी जमिनीला टेकली आहे. तिच्या दूरच्या टोकाला तितक्याच लांबीची, त्याच जाडीची, पण चांगली तार जोडली. आता दोन किलोमीटरचे एक कडे झाले आणि त्याची दोन्ही टोके आपल्या हातात आली. ती व्हीटस्टनच्या सेतूला जोडायची आणि बॅटरीचे एक टोक जमिनीत द्यायचे. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणल्यावर सेतूच्या भुजांचे गुणोत्तर समजा १ : ३ आले, तर दोष कड्याला त्याच गुणोत्तरात विभागतो. म्हणजे सदोष तारेच्या टोकापासून तो ५०० मीटरवर आहे. यातली खरी गंमत अशी, की दोषाचा स्वतःचा रोध किती हे ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. तो बॅटरीच्या मार्गात येतो, तुलनेत येत नाही. याला मरेचे कडे म्हणतात. नायक्रोमची तार आणि मीटरसेतू घेऊन प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज करता येईल.

केबल टाकत असतानाच तिची अखंड चाचणी व्हावी म्हणून विलोबी स्मिथ या अभियंत्याला फार मोठ्या रोधाची गरज होती. त्यासाठी त्याने सेलेनियमच्या कांड्या घेतल्या, तर त्यांचे माप एकसारखे येईना! उजेड पडला की त्यांचा रोध घटे. १८७३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र दूर पाठवण्याची स्वप्ने लोकांना पडू लागली. दूरचित्रवाणीच्या मुळाशी असलेला हा एक धागा लक्षात ठेवू, शेवटी तो पुन्हा लागेल.

पुढच्या शतकभरात तारा सुधारल्या. पण संगणक एकमेकांशी बोलू लागले तेव्हा दोषाचा एक नवाच प्रकार पुढे आला. यात तार धडधाकट असते आणि तरीही संदेश पोचत नाही. संगणक मजकुराचे तुकडे करून पाठवतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटची पोच ठरावीक वेळात आली नाही, तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर फक्त ४०० यार्ड! चिठ्ठी घेऊन माणूस पाठवला असता, तर तो आधी पोचला असता.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी शोध घेतला तेव्हा दिसले, की वाटेतल्या यंत्रांत पॅकेटांची रांग लांबली होती. पोच यायला उशीर होई, म्हणून संगणक तीच पॅकेट पुन्हा सोडत आणि रांग आणखी लांबे. व्हाइटहाउस यांचीच रीत, फक्त व्होल्टऐवजी पॅकेट. उपाय टॉमसन यांच्या वळणाचा निघाला : आरंभ थोड्या पॅकेटांनी करावा, पोच येईल तसा वेग वाढवावा, पॅकेट हरवले की लगेच हात आखडता घ्यावा. १९८८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आज घरोघरचे संगणक थोड्याफार फरकाने हीच शिस्त पाळतात.

दोष शोधण्याचे साधनही त्याच दशकातले. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मुस या अमेरिकी संशोधकाने ‘पिंग’ नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो हाक मारतो आणि प्रतिसाद यायला किती वेळ लागला ते सांगतो. घरी इंटरनेट तुटत असेल, तर आधी आपल्याच राउटरला हाक मारावी आणि त्याच वेळी बाहेरच्या एखाद्या संगणकालाही. राउटरचेच उत्तर अधूनमधून हरवत असेल, तर दोष घरात आहे. मग वाय-फाय सोडून तारेने जोडून पाहावे. शेजारी मायक्रोवेव्ह भट्टी चालू आहे का, हेही पाहावे, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ती वाय-फायवर कुरघोडी करते. राउटर व्यवस्थित बोलतो आणि बाहेरचे उत्तर हरवते, तेव्हा दोष दाराबाहेर. वेळ मात्र दरवेळी वहीत लिहून ठेवावी.

वेळेचे महत्त्व वेल्समधल्या अबरहोसन या लहान गावाने दाखवून दिले. तिथले ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येई, आणि तब्बल १८ महिने ते रोज सकाळी कोलमडत असे. ओपनरीच या कंपनीच्या लोकांनी पुन्हा पुन्हा चाचण्या केल्या, केबलचा मोठा भाग बदलला, तरी फरक पडेना. शेवटी अभियंते सकाळी सहा वाजता, भर पावसात, वर्णपट विश्लेषक हातात घेऊन गावातून फिरले. ठीक सात वाजता यंत्रावर विद्युत गोंगाटाचा मोठा उसळा दिसला. माग काढत ते एका घरापाशी पोचले. तिथे एक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला टीव्ही रोज सातला चालू होत असे. त्यातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी टेलिफोनच्या तारा अँटेनासारख्या पकडत. त्या तारेवरचे ब्रॉडबँडही रेडिओच्याच वारंवारतांवर चालते, त्यामुळे मोडेमचा मेळ सुटे. २०२० मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. घरमालकाला बिचाऱ्याला याची कल्पनाही नव्हती. तो फार ओशाळला आणि टीव्ही पुन्हा न लावण्याचे त्याने कबूल केले. त्यानंतर गावाची जोडणी सकाळी सातला तुटली नाही.