ड्रम कोअरची निवडचाचणी

अमेरिकेतील ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्ये आणि ड्रम यांच्यावर उभे राहिलेले तरुणांचे वादनपथक. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना त्यात जागा नसते. वाजवायचे ते मैदानावर चालता-चालता, आकृत्या बदलत. नामांकित पथकांत शिरण्यासाठी मुलांना आज हिवाळ्यात कठोर चाचणी द्यावी लागते. ही चाचणी तशी अलीकडची. तिच्यात जे वाजवून घेतात ते मात्र दीडशे वर्षांहून जुने आहे.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात उठणे, जेवणे, कूच करणे, माघार घेणे हे सारे हुकूम ड्रमवर सुटत. त्यामुळे ड्रम वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाचे बोल सारखे असणे भागच होते. गार्डिनर स्ट्रूब यांच्या १८६९च्या लष्करी पुस्तकात या मूळ बोलांचे २५ पाठ आहेत. त्यांनाच रुडिमेंट म्हणतात. उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा असा पॅराडिडल, किंवा मुख्य आघाताच्या किंचित आधी दुसऱ्या हाताची हलकी टिचकी असलेला फ्लॅम, हे त्यांतलेच. ड्रम तेव्हा पट्ट्याने खांद्यावरून लटकून डाव्या मांडीवर तिरका येई, म्हणून डाव्या हातात काठी तळवा वर करून धरत. पुढे ड्रम सपाट झाले, तरी अनेक पथकांनी ही पकड सोडली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’सारख्या संघटनांनी गावोगाव पथके उभी केली. मुलांची पथके चर्च, बॉय स्काउट आणि या संघटना यांच्या आश्रयाने वाढली. न्यू जर्सीतील गारफिल्डचे कॅडेट्स १९३४ साली एका चर्चमधून निघाले, तर शिकागोचे कॅव्हेलियर्स १९४८ साली स्काउटांच्या तुकडीतून. त्या काळी वस्तीतला मुलगा दारात आला की त्याच्या हाती काठ्या द्यायच्या आणि शिकवायला बसायचे, अशीच सर्वसाधारण रीत होती. आधी वाजवता येणे ही अट नव्हती, ते पथकाने शिकवायचे काम होते.

प्रवेशासाठी वाजवून दाखवण्याची ठळक प्रथा त्याच काळात वेगळ्या ठिकाणी दिसते. १९३३ साली शिकागोत लीजनच्या अधिवेशनाच्या वेळी काही नामवंत ड्रमवादकांनी नॅशनल असोसिएशन ऑफ रुडिमेंटल ड्रमर्स स्थापन केली आणि रुडिमेंटांची २६ची यादी प्रमाण मानली. सभासद व्हायचे तर त्यांतली आवश्यक १३ रुडिमेंटे परीक्षकासमोर वाजवावी लागत. प्रत्येक संथ सुरू करायचे, हळूहळू वाढवत पूर्ण वेगाला न्यायचे आणि तितक्याच हळूहळू खाली आणायचे. वेग वाढवणे बहुतेकांना जमते. हात उघडे पडतात ते उतरताना, आणि ही परीक्षा इतकी चांगली आहे ती यामुळेच.

१९७१ साली काही पथकांच्या संचालकांनी एकत्र येऊन ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि ॲनाहाइम किंग्जमेन विजयी झाले. तेव्हाच्या गुणपद्धतीत परीक्षक वाजवणाऱ्यांच्या रांगांजवळून फिरत आणि ऐकू आलेल्या प्रत्येक चुकीला गुणाचा दहावा भाग कापत. १९८०च्या दशकात ही मोजणी गेली, पण रांगेतल्या सगळ्या हातांचा आवाज एकच यावा हा आग्रह मुरला तो कायमचा. दौरे देशभर होऊ लागले, छोटी पथके खर्चाने बंद पडली. उरलेल्यांकडे दूरदूरची मुले येऊ लागली आणि निवड करणे अटळ झाले.

आता पथके सरावाचे पाठ चाचणीआधीच इंटरनेटवर देतात. पहिला पाठ सहसा एका हाताचे आठ आघात, मग दुसऱ्या हाताचे आठ. तो कसा वाजवला यावरून हाताची तयारी लगेच कळते. काठी किती उचलायची हे इंचांत ठरलेले असते: तीन, सहा, नऊ, बारा. म्हणून मुले आरशासमोर मेट्रोनोम लावून घोटतात आणि सोबत पावलेही जागच्या जागी टाकत राहतात. पावले चुकली तर नुसत्या हातांचा उपयोग नाही. चाचणीच्या शिबिरात परीक्षक एखादी सूचना देऊन तोच पाठ पुन्हा वाजवून घेतात. सांगितलेले किती लवकर हातात उतरते, हे त्यांना पाहायचे असते.

उन्हाळ्याच्या दौऱ्यासाठी सभासदाला आज काही हजार डॉलर भरावे लागतात. कामगार वस्त्यांतून वाढलेल्या या कलेत पैशाची अट शिरणे, हा तिच्या इतिहासातला खरा तोटा आहे. निवड हुकलेले अनेक जण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतात, पण तरुणांच्या पथकांत ठरावीक वयापर्यंतच. त्यानंतर सभासद होता येत नाही.