चिप आपली, किल्ली कोणाची?

मी नोएडात राहतो. शेजारच्या ग्रेटर नोएडात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं मोठं डिझाईन केंद्र आहे, नोएडातच एनएक्सपीचंही आहे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. चिपची वानवा नाही. खरा प्रश्न तिच्यात प्रोग्राम घालायच्या साधनांचा आहे.

फौजेत मी वर्कशॉपमध्ये होतो. नव्वदच्या दशकात आमच्या एका उपकरणात ८०५१ जातीची चिप होती. सोर्स कोड आमच्याकडे होता, पण कंपायलर डोंगलशिवाय चालत नसे. डोंगल म्हणजे संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायची एक डबी. ती डबी बिघडली. पुरवठादाराने नवी द्यायला आठ महिने लावले. तोवर चार ओळींच्या दुरुस्तीसाठी धडधाकट उपकरण गोदामात पडून!

इंटेलने ८०५१ आणली १९८० साली. तेव्हा कंपायलर विकणं हा वेगळा धंदाच होता. तो पहिल्यांदा हलवला तो कंपन्यांनी नव्हे, एकेकट्या माणसांनी. संदीप दत्ता यांनी ८०५१ साठी एसडीसीसी हा कंपायलर लिहिला आणि जीपीएल परवान्याखाली खुला केला. हे नाव वाचून मला बरं वाटलं, लपवत नाही. ॲटमेलच्या एव्हीआर चिपचा जन्म नॉर्वेजियन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून झाला. तिच्यासाठी जीसीसी कंपायलर तयार केला स्वयंसेवकांनी. विंडोजवर तो सहज बसावा म्हणून विनएव्हीआर बांधणारे एरिक वेडिंग्टन पुढे ॲटमेलच्याच नोकरीत गेले. २००५ मध्ये आलेला आर्डुइनो याच पायावर उभा राहिला.

तेव्हा कुठे कंपन्यांना हिशेब कळला. पैसा चिप विकून मिळतो. साधन मोफत असेल तर विद्यार्थी तीच चिप शिकतो आणि नोकरीत गेल्यावर तीच मागवतो.

पण सगळ्यांचं औदार्य सारखं नव्हतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एमएसपी४३० च्या जीसीसीचं काम रेड हॅटकडून करून घेतलं. मायक्रोचिपचा एक्ससी३२ जीसीसीवरच बेतलेला, तरी वरच्या दर्जाच्या ऑप्टिमायझेशनसाठी अनेक वर्षं वेगळे पैसे पडत. एसटीने २०१७ मध्ये ॲटॉलिक कंपनी विकत घेतली आणि २०१९ मध्ये क्यूबआयडीई मोफत दिलं. त्यात एक्लिप्स आणि जीसीसी आहेत. मात्र एसटी-लिंक हा प्रोग्रामर चिपशी कसा बोलतो, हे बाहेरच्या लोकांना स्वतःच उकलून काढावं लागलं. फुकट वेगळं आणि खुलं वेगळं. पुरवठा तुटला की फरक कळतो.

आपल्याकडे सी-डॅकने, ज्याचं मुख्यालय पुण्यात आहे, रिस्क-फाइव्हवर वेगा प्रोसेसर घडवले. त्यातल्या थेजस३२ चिपचा एरीज बोर्ड आर्डुइनोच्या आयडीईतून चालतो. मी तो मागवला, लॅपटॉपला जोडला आणि दिवा लुकलुकवायला अर्धा तास पुरला. डबी लागली नाही. ती जुनी बिघडलेली डबी, रीतसर राइट-ऑफ झालेली, अजून माझ्या कपाटात आहे.