बुटकी जीप उंच करताना

मंडळी, गंमत बघा. १९४० साली अमेरिकी सैन्याला गाडी हवी होती ती बुटकी, शत्रूच्या चटकन नजरेत न येणारी. विलीज जीपचे कमानपाटेही ॲक्सलच्या खालून गेलेले. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तीच जीप जोडायला घेतली. आणि पुढे हौशी मंडळींना खडकांतून न्यायला ती उंच हवीशी झाली!

स्वस्त उपाय दोन. एक, लांब शॅकल: २ इंच वाढवली तर गाडी साधारण १ इंच उचलते. दुसरा, पाटेच ॲक्सलच्या वर घेणे. पण डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तो उचलतात फक्त मोठे टायर. शिवाय उंचीबरोबर उलटण्याचा धोकाही वाढतो. बुटकेपणाचा तो फायदा आपण हातचा घालवतो.

असो. पैसे वाचवायचे तर शॅकलवर वाचवा, ब्रेकच्या होजवर नको!