नेम, शिस्त आणि माशी : डिचोली-पेडण्यातील शिकारीच्या बंदुकीचा इतिहास

मराठी शिक्षकाच्या तोंडी सर्वाधिक असणाऱ्या शब्दांपैकी 'शिस्त' हा एक होय. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ नेम असा आहे. 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीची नळी, डोळा आणि सावज एका रेषेत आणणे. आज वर्गातील रांगेला आणि सैन्यातील कवायतीला हा शब्द लागतो. मूळ अर्थ मागे पडला. बंदुकीच्या परिसरातील इतर शब्दही असेच बोलके आहेत. 'बंदूक' अरबीतून, 'तोफ' तुर्कीतून आणि 'शिकार' फारसीतून आला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे पोर्तुगीजांनी दिले. गोव्याच्या उत्तर टोकावरील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत हे सर्व प्रवाह एकत्र आले. तेथील शिकारीच्या बंदुकीचा इतिहास केवळ पोर्तुगीजांपासून सुरू करण्याची प्रथा मात्र पुराव्याला धरून नाही.

पोर्तुगीजांनी बंदूक आणली आणि एतद्देशीयांनी ती उचलली, असे पाठ्यपुस्तकी विधान सर्वत्र आढळते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवा शहर दुसऱ्यांदा जिंकले. शहरातील मुसलमानांची त्याने सरसकट कत्तल करविली आणि तसे आपल्या राजाला अभिमानाने कळविले. परंतु शहरातील शस्त्रशाळा व तेथील कारागिरांची विद्या याच विजेत्याच्या हाती आली, आणि तिचे मोल त्याने चांगले ओळखले. १५१३ च्या पत्रव्यवहारात तो राजा मानुएल याला कळवितो की, गोव्याचे कारागीर बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या बंदुका घडवितात. त्या काळी मध्य युरोपातील बंदुका उत्तम मानल्या जात, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रशस्तीचे वजन कळते. जेत्याने जिताच्या हुनराविषयी दिलेली ही साक्ष आहे. ती अधिक विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

त्या बंदुकांच्या नळीचे मागील तोंड आट्याच्या मळसूत्राने बंद केलेले असे, याचाही तेथे उल्लेख आहे. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटते. नेमाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. मळसूत्र काढले की नळी दोन्ही बाजूंनी उघडी होते. आतील काजळी साफ करता येते, आणि नळीला डोळा लावून ती सरळ आहे की वाकडी हे पाहता येते. वाकड्या नळीला कितीही चांगला नेमबाज मिळाला तरी गोळी वाटेल तिकडे जाणार. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक पोहोचली तेव्हा तेथील लोहाराला सर्व भाग साधले, फक्त हे मागचे मळसूत्र साधले नाही, असे जपानी परंपरा सांगते. त्या बंदुकीची कळ गोवा पद्धतीची असल्याचे अनेक शस्त्र-अभ्यासकांचे मत आहे.

कारागिराच्या हातचे काम कागदावर उतरल्याचे दाखले आपल्याकडे थोडे. म्हणून अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'तील बंदुकांवरील प्रकरण इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाने वाचण्यासारखे आहे. ते उत्तरेतील मोगल कारखान्याचे वर्णन असले तरी नळी घडविण्याची आणि पारखण्याची रीत त्यातून स्पष्ट होते. लोखंडाचा पत्रा तिरका गुंडाळून, एकावर एक थर देत नळी केली जाई. उस्ताद कबीर आणि हुसैन या कारागिरांची नावे अबुल फज्ल आदराने घेतो. नवी नळी बार भरून उडवून पाहिली जाई. गोळी वाकडी गेली तर नळी तापवून, आत गज घालून ती सरळ केली जाई. मगच कानसकाम करणाऱ्याकडे जाई. लोखंड कोठले, कारागीर कोण, काम कोठे व केव्हा झाले, याची नोंद बंदुकीवर असे. अकबराच्या खास बंदुकीचे नाव 'संग्राम'. चितोडच्या वेढ्यात जयमल याच बंदुकीने पडला असे म्हणतात. कोणत्या बंदुकीने कोणती शिकार झाली, याचाही हिशेब कारकून ठेवीत. बंदूक आधी 'लावून' घ्यावी, मग रानात न्यावी, हा शिकाऱ्याचा नियम दरबारी कागदपत्रांत याप्रमाणे चारशे वर्षांपूर्वी नोंदला गेला आहे.

आता डिचोली-पेडण्याकडे वळू. हा मुलूख अनेक सत्तांच्या सीमेवरचा. आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्यात तो हात बदलत राहिला. औरंगजेबाविरुद्ध बंड करून छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला शाहजादा अकबर १६८३ च्या सुमारास डिचोलीत होता; डिचोलीतील नमाजगाह परंपरेने त्याच्याच नावाशी जोडली जाते. पेडण्यातील हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन्ही तालुके 'नव्या काबिजादी'त गेले. अशा सीमाभागात शिपाईगिरी, शेतराखण आणि शिकार ही तीन कामे एकाच हाताने होत, आणि बहुधा एकाच बंदुकीने.

ही बंदूक तोंडाकडून भरावयाची. प्रथम तोड्याची, नंतर गारेची, शेवटी केपाची. पण आजतागायत तिचे लोकांतील नाव 'ठासणीची' हेच आहे. दारू, त्यावर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि पुन्हा बोळा, असे गजाने ठासून भरायचे. नळी आतून गुळगुळीत, म्हणजे रायफलीप्रमाणे तिच्यात पीळ नाही. त्यामुळे एकटी गोळी साठ-सत्तर पावलांपलीकडे भरवशाची राहत नाही. मेरू म्हणजे सांबर, भेकर किंवा रानडुक्कर टप्प्यात येईपर्यंत थांबणे, हीच अशा बंदुकीची खरी नेमबाजी होय.

तरीही तिची जुळवणी करावीच लागे. नळीच्या टोकावरील बारीक मण्याला 'माशी' म्हणतात. मागील खाचेतून ती पाहून नेम धरायचा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, ठरावीक अंतरावरील फळीवर दोन-तीन बार काढले की तिचा स्वभाव कळतो. गोळ्या खाली बसत असतील तर माशी कानशीने घासून बुटकी करायची. वर जात असतील तर उंच माशी बसवायची. डावीकडे जात असतील तर माशी डावीकडेच सरकवायची. नवशिक्याला हे उलटे वाटते. परंतु माशी डावीकडे नेली की ती पुन्हा खाचेत आणण्यासाठी नळीचे तोंड उजवीकडे वळवावे लागते, आणि गोळीही उजवीकडे सरकते. गणिताच्या शिक्षकाला समरूप त्रिकोण शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल. दारूचे मापही एकदा ठरले की बदलायचे नाही, कारण माप बदलले की आधीची सगळी जुळवणी वाया जाते.

हे काम पावसाळ्यानंतर करणे भाग असे. चार महिन्यांच्या दमट हवेत दारू सर्दावते आणि नळीला गंज चढतो. पेडण्याच्या किनाऱ्यालगत खारा वारा त्यात भर घालतो. खंडेनवमीला शस्त्रे बाहेर काढून पुसण्याची रीत या निकडीशी चांगली जुळते. सरद भात पिकण्याचा हाच काळ, आणि रानडुकरे शेतात उतरण्याचाही हाच. शिकारीचा हंगाम आणि शेतराखणीचा हंगाम येथे वेगळा काढता येत नाही. युरोप-अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे महिने सरकार ठरविते. डिचोलीच्या डोंगराळ भागात ते पिकाने ठरविले होते.

१९६१ मधील मुक्तीनंतर गोव्यास भारतीय कायदे लागू झाले. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला होता. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. तेवढ्याने काम भागत नसल्याची खात्री पटली तरच अधिकाऱ्याने दुसरी, गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करावयाची. म्हणजे सोळाव्या शतकातील तंत्राची वारस असलेली बंदूक विसाव्या शतकाच्या कायद्याने शेतकऱ्याची म्हणून कायम केली. शिकारीची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात लहान-मोठ्या शिकारीचे परवाने आणि बंदीचा काळ अशी तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. हरणाच्या शिकारीचा हंगाम तेव्हापासून कागदावरही उरला नाही.

ही बंदी योग्यच आहे. गोव्यातील मेरू आणि गवे त्यामुळेच काही प्रमाणात टिकले. अडचण शेतकऱ्याची आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. पिकात शिरलेले जनावर मारायचे तर वन खात्याची वेगळी परवानगी हवी. निवडणुका आल्या की शेतकऱ्यांना परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निवडणुकीला पिकाचे वेळापत्रक ठाऊक नसते. बंदूक हाताशी असली तरी बहुतेक वेळा शेतकरी तिच्यात गोळी भरीत नाही. दारू आणि बोळा ठासून, नळी आभाळाकडे करून तो नुसता आवाजाचा बार काढतो. अशा बाराला माशी लागत नाही आणि शिस्तही धरावी लागत नाही.