संप हा गुन्हा नव्हे!

२००५ नंतर नोकरीत लागलेल्यांसाठी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी संपावर गेले. त्याच महिन्यात विधिमंडळाने मेस्मा मंजूर केला. आर्णीतले तरुण आम्हाला विचारतात, “त्यांच्या पेन्शनशी आपला काय संबंध?”

संबंध १९३८ चा आहे. खेर मंत्रिमंडळाने संपावर बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले, तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात ठणकावले की, संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत संप घडवला.

सत्ताधारी बदलले, संपाची धास्ती तीच! मात्र कर्मचारी संघटनांनाही आमचे सांगणे आहे: कंत्राटी सफाई कामगाराचा प्रश्न आघाडीवर घ्या. तो सोबत असेल, तरच हा हक्क टिकेल.

जय भीम!