कामाकुरा
टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, सागामी उपसागराकाठी वसलेले मंदिरनगर. १३३३ पर्यंत जपानच्या पहिल्या शोगुनशाहीचे सत्ताकेंद्र. टोकियो स्थानकाहून योकोसुका मार्गाच्या गाडीने तासाभरात पोहोचता येते. एकाच दिवसाची फेरी असेल तर एक स्थानक आधी, किता-कामाकुराला उतरणे उत्तम: एन्गाकुजी (१२८२) आणि केन्चोजी (१२५३) हे झेन मठ पाहत त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानापर्यंत पायी जाता येते. पुढे एनोदेन या छोट्या रेल्वेने हासे. तेथील कोतोकुइन मंदिरातली अमिताभ बुद्धाची ११ मीटरांहून उंच कांस्यमूर्ती तेराव्या शतकातली; भोवतीची वास्तू नष्ट झाल्यापासून, पाचशेहून अधिक वर्षे, ती उघड्या आकाशाखाली आहे. तिला वेळ द्यावा तेवढा थोडाच. जूनमध्ये हायड्रेंजियाच्या बहरामुळे फार गर्दी उसळते. बहुतेक मंदिरे दुपारी चार-पाचलाच बंद होत असल्याने सकाळी लवकर निघावे.