छपराआधीची भिंत

नवी इमारत पाहावयास जाणारा मनुष्य तिच्या दर्शनी भागाचे कौतुक करतो, आणि पावसाळ्यात त्याला छपराची आठवण होते. भिंतीच्या माथ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक भिंत जेथे संपते आणि छप्पर जेथे सुरू होते, त्या वीतभर जागेतच इमारतीचे भवितव्य ठरत असते. कोकणातील सुताराने स्वतःची कामशाळा स्वतःच्या हाताने उभारताना या वीतभर जागेचा विचार कसकसा केला, आणि काळाबरोबर तो कसा पालटला, हा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

या इतिहासाला पनवेलसारखे सोयीचे ठिकाण दुसरे नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून देशावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून पनवेलच्या बंदरात येई व तेथून गलबतांनी मुंबईस जाई. घाटाच्या उतारावर गाडीची चाके खिळखिळी होत, आणि घाट पुन्हा चढण्यापूर्वी गाडीवानाला ती बदलून घ्यावी लागत. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटिअरांनी गाडीची चाके घडविणे हा पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून नोंदविला, तो यामुळेच. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती कर्जत-कल्याणच्या वाटेने गेल्यामुळे पनवेलची रहदारी ओसरली, तथापि हाताला लागलेले लाकडाचे वळण रहदारीबरोबर नाहीसे होत नाही. पनवेलच्या पूर्वेस गाढी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या विचुंब्यासारख्या गावांतून घरे, गोठे आणि मांडव ज्या रीतीने उभे राहिले, ती रीत याच लाकूडकामाची होय.

चाके घडविणाऱ्या सुताराची गरज घरात राहणाऱ्या गृहस्थापेक्षा निराळी असते. बाभळीसारख्या चिवट लाकडाचे लांब ओंडके आत आणावयाचे, ते फिरवावयाचे, पुरुषभर उंचीचे चाक जमिनीवर आडवे ठेवून त्यात आरे ठोकावयाचे, आणि लोखंडी धाव तापवून ती चाकावर चढवावयाची. याकरिता त्याला मोकळी जमीन पाहिजे, आणि पाऊस तर चार महिने थांबत नाही. छप्पर पाहिजे पण खांब नको, असा हा पेच आहे.

कोकणातील जुन्या बांधणीत या पेचाला पुरते उत्तर नव्हते. तेथे जोत्यावर प्रथम खांब उभे राहत. मधल्या उंच खांबांच्या रांगेवर आढे बसे, कडेच्या ठेंगण्या खांबांवर तुळया बसत, आणि आढ्यापासून तुळईपर्यंत वासे सोडले जात. वाशांवर रिपा, रिपांवर गवत किंवा नळीची कौले. छप्पर पुरे झाल्यानंतर खांबांच्या मधली जागा कुडाने भरावयाची. सह्याद्रीच्या उतारावर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी तोडून आणावयाची, तिच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधावयाच्या, आणि दोन्ही अंगांनी माती व शेण यांचे लिंपण द्यावयाचे. या पद्धतीत भिंत ही अखेरीस येते, आणि छपराचा तसूभरही भार तिच्यावर पडत नाही. ती केवळ पडदा आहे. पावसाने कुड कुजला तर नवा घालावा, घराला धक्का लागत नाही. ही या रीतीची मोठीच सोय होती. परंतु मधल्या खांबांची रांग मात्र नेमकी तेथेच येई, जेथे सुताराला चाक फिरवावयाचे असे.

मग मधले खांब काढून टाकले तर काय होईल? याचे उत्तर कोणालाही घरबसल्या पाहता येईल. एक जाडसे पुस्तक अर्धवट उघडून गुळगुळीत मेजावर घराच्या छपराप्रमाणे उपडे ठेवावे, आणि त्याची पाठ बोटाने हलकेच दाबावी. पुस्तकाचे दोन्ही पाय बाहेर सरकतात. आढ्याखालचा आधार काढला की वाशांचेही हेच होते. ते खाली दाबतात तसेच भिंतींना बाहेरही ढकलतात. हा बाहेरचा रेटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो घातक असतो.

आपल्या पूर्वजांना हा रेटा ठाऊक होता याची साक्ष पनवेलहून घाट चढून गेल्यावर याच पुणे रस्त्याच्या आसपास मिळते. मळवलीजवळचे भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. तेथील अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते माथ्याकडे आत झुकलेले आहेत. खडक कोरून केलेल्या खांबांना आत झुकण्याचे काहीच कारण नसते, कारण डोंगर काही त्यांना बाहेर रेटीत नाही. परंतु हे कोरीवकाम ज्या लाकडी इमारतींची नक्कल आहे, त्यांत वाकविलेल्या छपराचा रेटा सोसण्याकरिता खांब आत झुकवून रोवीत असत. लाकडातली ती युक्ती कारागिराच्या हाताने दगडातही तशीच उतरविली. जवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट आणि रुंदी सुमारे ४५ फूट आहे. त्याच्या दगडी कमानीखाली लाकडाच्या फासळ्या बसविलेल्या असून त्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तेथे आहेत. त्या काही पेलीत नाहीत. केवळ लाकडी छपराची आठवण म्हणून त्या तेथे आहेत. याच लेण्याच्या एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, द्वारमुखाचे काम केल्याची नोंद आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानलेखांच्या शेजारी एका सुताराचे नाव पित्याच्या नावासह कोरले गेले, ही गोष्ट या धंद्याच्या प्रतिष्ठेची द्योतक होय.

खांब आत झुकविणे हा रेट्यावरचा एक उपाय झाला. दुसरा उपाय अधिक साधा आणि अधिक समर्थ आहे. उपड्या ठेवलेल्या पुस्तकाचे दोन्ही पाय दोऱ्याने एकमेकांस बांधले, तर ते सरकत नाहीत. दोन वाशांचे पाय एका आडव्या तुळईने असेच जखडले म्हणजे त्रिकोण तयार होतो, आणि रेटा त्या तुळईच्या पोटात जिरून जातो. यालाच आपले सुतार कैची म्हणतात. कैचीची आडवी तुळई भार पेलण्याकरिता नसून ताण सोसण्याकरिता असते. तिच्या मध्यभागी उभा दिसणारा लहान खांब पाहून पुष्कळांना वाटते की, तो तुळईवर उभा राहून शिखर तोलतो. वस्तुतः तो शिखरापासून खाली लोंबत असतो आणि तुळईला मध्ये झोळ पडू देत नाही. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनच्या मठात सहाव्या शतकातील लाकडी कैच्या अद्याप छप्पर धरून आहेत. जस्टिनियन बादशहाचे नाव तेथील तुळयांवर कोरलेले असल्यामुळे त्यांचा काळही निश्चित सांगता येतो.

आपल्याकडे कैचीचा सार्वत्रिक प्रसार झाला तो मात्र आगगाडीच्या आणि सरकारी बांधकामांच्या द्वारे. रेल्वेचे कारखाने, मालाची गुदामे, शाळा व कचेऱ्या यांना रुंद आणि मोकळी दालने हवी होती. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. १८४१ साली आल्सेस प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलांचे पेटंट घेतले, आणि १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूर येथे तशा कौलांचा कारखाना काढला. ही मंगळुरी कौले गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात पोहोचली. नळीची कौले थोड्याशा वाकड्यातिकड्या वाशांवरही निभावत. मंगळुरी कौल तसे नव्हे. त्याला रिपांमधील अंतर काटेकोर लागते आणि पाखे समपातळीत लागते. अशा रीतीने नव्या कौलाने सुताराला मापाची शिस्त लावली, आणि ती शिस्त छपरावरून खाली भिंतीपर्यंत उतरली.

येथे बांधणीचा क्रमच उलटला. पूर्वी छप्पर आधी आणि भिंत मागाहून, आता भिंत आधी आणि कैची मागाहून. जी भिंत पडदा होती, तिला भार वाहावा लागू लागला. म्हणून कैची चढविण्यापूर्वी भिंतीची जी तयारी करावी लागते, तिच्यातच या विद्येचे सार आहे.

समजा, कामशाळा २० फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे. प्रथम पाहावयाचे ते चौकट काटकोनात आहे की नाही. याची रीत फार जुनी आहे. ३ व ४ या बाजूंचा कर्ण ५ येतो हे शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदीच्या मापनाकरिता सांगितले, आणि आजचा गवंडीही सुताने तेच मोजतो. मोठ्या चौकटीचे दोन्ही कर्ण समान आले म्हणजे काम झाले. या मापाच्या कामशाळेत ते ३६ फूट आणि पाऊण इंचाहून किंचित कमी असे आले पाहिजेत. चौकट वाकडी राहिली, तर आढे एका बाजूस पळते आणि शेवटच्या ओळीची कौले कापावी लागतात.

दुसरी गोष्ट भिंतीच्या माथ्याची पातळी. ओळंबा भिंतीचा सरळपणा दाखवितो, पाणसळ तिचा माथा तपासते. माथ्यावर सलग आडवे लाकूड बसवितात, त्यामुळे कैचीचा भार एका बिंदूवर न पडता भिंतीच्या लांबीवर विभागला जातो. तिसरी गोष्ट तिरप्या दांड्यांची. खांब आणि आडव्या पट्ट्या यांची नुसती चौकट ही रिकाम्या काड्यापेटीसारखी कलंडते. एक तिरपा दांडा घातला की चौकटीचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण लाकूड मोडल्याखेरीज हलत नाही. चौथी गोष्ट कैच्यांच्या जागांची आखणी. ३० फूट लांबीत दहा-दहा फुटांवर चार कैच्या येतात. प्रत्येकीच्या पायाखाली भक्कम खांब पाहिजे, दाराच्या किंवा खिडकीच्या पोकळीवर ती येता कामा नये. आलीच, तर तेथे जाड तुळई घालावी लागते. पहिली कैची जमिनीवर आखून घडवितात आणि बाकीच्या तिच्याच अंगावर मापून काढतात, म्हणजे चौघी सारख्या येतात.

थोडे गणित केले म्हणजे या काळजीचे मर्म ध्यानात येते. कैचीची उंची ६ फूट धरली, तर दोन्ही पाखी मिळून सुमारे ६५ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला १५ आणि एकेक अडीच किलोचे या हिशेबाने मंगळुरी कौलांचे वजन सुमारे २४०० किलो भरते. मधल्या प्रत्येक कैचीच्या वाट्याला सुमारे ८०० किलो येतात. खालची तुळई नसती, तर एवढ्या भाराने भिंतीच्या माथ्याला बाहेरच्या बाजूस सुमारे ३३० किलोंचा रेटा बसला असता. म्हणजे चारपाच माणसांच्या वजनाइतक्या जोराने ती भिंत अहोरात्र ढकलली गेली असती.

भार आणि रेटा या दोन शत्रूंचा बंदोबस्त असा झाला. तिसरा शत्रू वारा होय, आणि तो वरून दाबीत नसून वर उपशीत असतो. जड कौलांच्या काळात त्याची फारशी तमा वाटली नाही. १८२९ साली लंडनच्या गोदीतील हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअराने पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले, आणि कालांतराने तो पत्रा गावोगाव पोहोचला. तो स्वस्त, हलका आणि झटपट चढणारा. आपल्या या कामशाळेवर पातळ पत्रा घातला, तर त्याचे वजन अवघे ३२५ किलोंच्या आसपास भरेल. आता ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे ५७ किलो असतो. त्याच्या निम्म्या जोराने जरी छप्पर उपसले गेले, तरी एकूण ओढ सुमारे १८५० किलोंची होते. कौलांचे छप्पर कडेची कौले गमावील, पण जागेवर राहील. पत्र्याचे छप्पर मात्र केवळ आपल्या वजनावर एक क्षणही टिकणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच सुमाराच्या वेगाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हे गणित कागदावर राहिले नाही. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतून घरांची छपरे उडाली. आदल्या रात्री ज्याखाली कुटुंब निजले ते पत्रे शेतांत जाऊन पडले, आणि पावसाळा तोंडावर असताना माणसे उघड्यावर आली. भिंती उभ्या आणि छप्पर नाही, असे घर पाहिले म्हणजे दोष भिंतीचाही नव्हे आणि छपराचाही नव्हे, तो त्यांच्या सांध्याचा, हे स्पष्ट होते. पत्रा कैचीला नीट अडकविलेला असेल, पण कैची भिंतीला आणि भिंत पायाला जखडलेली नसेल, तर वादळ पत्रा आणि कैची दोन्ही घेऊन जाते. भिंत बांधतानाच तिच्यात लोखंडी सळई किंवा पट्टी सोडून ठेवली, ती पायापर्यंत पोहोचविली आणि वर कैचीच्या पायाला आवळली, तर हा तिसरा शत्रूही आवरतो. हे काम छप्पर चढल्यावर करू म्हणून होत नाही. त्याची वेळ भिंतीचा माथा उघडा असतो तेव्हाची.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवीन पनवेलची वस्ती वाढली, आणि विचुंब्याच्या आसपासचे जुने कौलारू रूप झपाट्याने पालटत गेले. बैलगाडीच्या चाकांचा धंदा राहिला नाही. परंतु घराच्या मागच्या अंगणात आपल्या हाताने चार भिंती उभ्या करून वर पत्रा घालणारा होतकरू कारागीर आजही आहे, आणि त्याची सारी पुंजी, म्हणजे यंत्रे, लाकूड व गिऱ्हाइकांचा माल, त्याच छपराखाली असते. भाज्याच्या कारागिराने झुकलेल्या खांबांतून रेट्याची ओळख ठेवली, कोकणच्या सुताराने कैचीच्या तुळईने तो बांधून टाकला. वाऱ्याला बांधण्याचे काम या पिढीच्या वाट्याला आले आहे. त्याला लागणारी सळई चारदोन हातांची असते, आणि ती घालण्यास लागणारा वेळ एका दुपारचा. तेवढी दुपार ज्याने छपराआधी भिंतीच्या माथ्यावर घालविली, त्याला वादळाच्या रात्री छपराकडे पाहत बसण्याची पाळी येत नाही.